विक्रमी वादळ सगळ्यात घातक असतंच असं नाही

२३ ऑक्टोबर २०१५ च्या सकाळी मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ, पॅसिफिक महासागरावर ‘पॅट्रिशिया’ हरिकेनचे वारे ताशी ३४५ किलोमीटरवर पोहोचले. पश्चिम गोलार्धात नोंदलेला हा सर्वाधिक वेग. त्यातले जवळपास १९५ किलोमीटर तर एकाच दिवसात वाढले होते. सगळ्यांनी धसका घेतला. संध्याकाळी हालिस्को राज्यात ते धडकलं तेव्हा मात्र वेग २४० वर आलेला होता.

वादळ जमिनीवर आलं की मगच त्याचा जोर ओसरतो, हा समज इथेच कोलमडतो. पॅट्रिशियाचा शंभरेक किलोमीटरचा वेग समुद्रावरच गळाला. उंचावरचे वारे वेगळ्या वेगाने, वेगळ्या दिशेने वाहू लागले की वादळाचा उभा मनोरा तिरका होतो. शिवाय वादळाच्या मधल्या शांत ‘डोळ्या’भोवतीच्या ढगांच्या भिंतीबाहेर दुसरी भिंत तयार होते आणि आतल्या भिंतीची वाफ तोडते. तेवढा काळ वादळ मंदावतं. नवी भिंत आत सरकली की ते पुन्हा उसळू शकतं, म्हणून वेग उतरला तरी गाफील राहायचं नाही.

समुद्र तापला की वादळ फोफावणारच, हेही अर्धसत्य. साधारण २६.५ अंश सेल्सिअसचं पाणी लागतं हे खरं. त्याची वाफ वर जाऊन ढग बनताना जी उष्णता सुटते, तिच्यावर सगळा कारभार चालतो. पण कोरडी हवा आत घुसली, किंवा वादळ रेंगाळलं आणि त्याच्याच घुसळणीने खोलातलं गार पाणी वर आलं, तर तापलेला समुद्रही कामाचा नाही. जमिनीवर वादळ मरतं त्यालाही डोंगर-झाडांच्या अडथळ्यापेक्षा वाफेचा तुटलेला पुरवठा जास्त कारणीभूत असतो.

आता सगळ्यात महागात पडणारा गैरसमज: आकडा मोठा, तर नुकसान मोठं. पॅट्रिशिया विरळ वस्तीत शिरलं. २०२३ मध्ये त्याच किनाऱ्यावरचं ‘ओटिस’ सर्वोच्च वेगात पॅट्रिशियाच्या जवळपासही नव्हतं. पण २४ ऑक्टोबरच्या पहाटे साधं उष्णकटिबंधीय वादळ असलेलं ओटिस दुसऱ्या पहाटेपूर्वी ताशी २६० किलोमीटरने अकापुल्कोवर आदळलं. हवामानाच्या संगणकीय प्रारूपांना ही झेप दिसलीच नव्हती. आदल्या दुपारी पाहणीचं विमान आत शिरलं तेव्हा कुठे त्याचा खरा जोर कळला, आणि तोवर लाखोंच्या शहराला हातात काही तासच उरले होते. २०१७ च्या ‘हार्वे’ने तर जोर ओसरल्यावर, टेक्सासवर ठाण मांडून, नेदरलँड गावात दीड मीटरहून जास्त पाऊस ओतला. हरिकेनची १ ते ५ ही श्रेणी फक्त वारा मोजते. पाऊस आणि समुद्राची भरती तिच्या हिशेबातच नाहीत.

वादळ माणसाला शमवता येईल, हाही भ्रमच ठरला. रसायनं फवारून ते शमवण्याचा प्रयोग अमेरिकेने १९६२ ते १९८३ केला आणि सोडून दिला. जो फरक पडल्यासारखा वाटे, तो डोळ्याभोवतीची भिंत बदलताना आपसूकच पडतो.

आकडा लहान असला तरी नुकसान मोठं होऊ शकतं, हे कोकणाला वेगळं सांगायला नको. जून २०२० चं ‘निसर्ग’ ताशी सुमारे ११० किलोमीटरचं, म्हणजे पॅट्रिशियाच्या तिसऱ्या हिश्शाचं. तरी श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्याने आडव्या केल्या. तेव्हा इशाऱ्यात वाऱ्याचा वेग वाचून थांबू नका. पाऊस किती आणि लाटा किती उंच, ते पुढच्या ओळींत असतं.