पहिला फटका लागतो कसा?
उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची पोरं 'टेकन' किंवा 'स्ट्रीट फायटर' असा मारामारीचा व्हिडिओ गेम शिकायला घेतात, तेव्हा आधी यूट्यूबवरचा लांबलचक कॉम्बो, म्हणजे सलग फटक्यांची साखळी, पाठ करतात. पण कॉम्बो सुरू व्हायला पहिला फटका लागावा लागतो, आणि तो लागतो अंतराच्या अंदाजावर.

या गेममध्ये सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे चित्रं, असतात. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद, म्हणजे 12 ते 15 फ्रेम लागतात. टेकनमधला साधा जॅब, म्हणजे सरळ ठोसा, 10 फ्रेममध्येच पोचतो. तो बघून अडवणं शक्यच नाही! म्हणून ब्लॉक आधीच धरायचा, समोरच्याच्या टप्प्याबाहेर राहायचं, त्याचा वार हुकला की मारायचं. तालमीत आधी पवित्रा आणि मग ढाक, तसंच हे.

2004 च्या 'इव्हो' या फायटिंग गेमच्या स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर' खेळताना दाइगो उमेहाराने जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राचा सुपर हल्ला एकेक फटका परतवत पेलला. दाइगोच्या केन या पात्राची ताकद इतकी संपली होती की ब्लॉक करूनही तो हरलाच असता. ती किमया सगळ्यांना आठवते. हल्ला कधी येणार हे त्याने आधीच ओळखलं होतं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. म्हणून नवख्याने पहिला आठवडा फक्त ब्लॉक करावा आणि उडी मारून येणाऱ्याला खाली पाडायला शिकावं.