खोडदची आकाशयात्रा

सह्याद्रीच्या कुशीत, घोड नदीच्या काठी, डिंभे नावाचे गाव आहे. येथे नदीवर मोठे धरण बांधलेले असून त्याच्या जलाशयाला 'हुतात्मा बाबू गेनू सागर' असे नाव दिलेले आहे. माघ महिना सरत आला, की डिंभ्यावरून जाणारा रस्ता माणसांनी फुलून जातो. महाशिवरात्रीचे भाविक पश्चिमेकडे, भीमाशंकराच्या दर्शनाला निघालेले असतात. परंतु त्याच सुमारास या भागातील शाळांमधील पुष्कळ मुलांचे डोळे पूर्वेकडे लागलेले असतात. घोडेगाव, मंचर आणि नारायणगाव ही गावे मागे टाकली, म्हणजे जुन्नर तालुक्यातील खोडद हे गाव येते. फेब्रुवारीच्या अखेरीस तेथे एक आगळी यात्रा भरते. तीत पालखी नसते, नवस नसतो. तेथे लोक जातात ते आकाशाची ओळख करून घेण्यासाठी.

२८ फेब्रुवारी हा आपला राष्ट्रीय विज्ञान दिन होय. १९२८ साली याच दिवशी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, प्रकाश पदार्थातून जाताना कसा विखुरतो, यासंबंधीचा आपला प्रसिद्ध शोध लावला. त्याची आठवण म्हणून १९८७ सालापासून हा दिवस देशभर साजरा होतो. या निमित्ताने खोडद येथील जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण सर्वांना पाहावयास मिळते आणि तिच्या शेजारी विज्ञानाचे मोठे प्रदर्शन भरते. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी स्वतः केलेल्या प्रतिकृती व प्रयोग तेथे मांडतात. गावोगावचे हजारो लोक येतात. शेतकरी येतात, गृहिणी येतात, आजोबांचे बोट धरून नातवंडे येतात. शास्त्रज्ञ त्यांच्यामध्ये उभे राहून प्रश्नांची उत्तरे देतात.

अशा दिवसाची वाट पाहण्यात केवढा आनंद असतो! कोणी पुठ्ठ्याची दुर्बीण तयार करीत असतो, कोणी तारा आणि बॅटऱ्या जुळवीत बसतो, कोणी आपल्या प्रतिकृतीची माहिती पाठ करीत असतो. आकाशाविषयीचे हे कुतूहल जगातील सर्व मुलांना सारखेच असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात १९५५ साली 'डिस्नेलँड' नावाचे एक भव्य मनोरंजन-उद्यान सुरू झाले. त्यात चंद्रावरच्या काल्पनिक सफरीचीही सोय होती. त्या वेळी मनुष्याने अंतराळात पाऊलही टाकले नव्हते! पुढे याच उद्यानात, एका लोकप्रिय अंतराळकथेवर आधारलेला एक नवा विभाग उभारण्याचे २०१५ साली जाहीर झाले. तो २०१९ साली खुला झाला. मधली सुमारे चार वर्षे त्या कथेचे चाहते दिवस मोजीत होते. तेथील ग्रह लाकडाचे व सिमेंटचे असतात, तेथील याने जमिनीवरच हालतात. तरीही कल्पनेचा तो खेळ हलका मानण्याचे कारण नाही. मनुष्य आधी स्वप्न पाहतो आणि मग ते खरे करावयास निघतो. खोडदला मात्र आपल्या भेटीस येते ते खरेखुरे अंतराळ. ते कसे, हे आता आपण पाहू.

डोळ्यांना दिसणारा प्रकाश ही एक प्रकारची लहर आहे. आपल्या घरातील रेडिओ ज्या लहरींवर चालतो, त्याही प्रकाशाच्याच जातीच्या आहेत. परंतु त्यांची लांबी पुष्कळ अधिक असल्यामुळे त्या डोळ्यांना दिसत नाहीत. कार्ल जान्स्की नावाच्या अमेरिकन अभियंत्याला आपल्या यंत्रावर एक सारखी खरखर ऐकू येत असे. ती कोठून येते, याचा त्याने चिकाटीने शोध घेतला. ती पृथ्वीवरची नसून आकाशगंगेतून येत आहे, असे त्याने १९३३ साली जाहीर केले. सूर्य, तारे, वायूंचे ढग आणि दूरदूरच्या दीर्घिका रेडिओ लहरी पाठवीत असतात, हे अशा रीतीने मनुष्याला कळले. जे आकाश आजवर तो नुसते पाहत होता, ते त्याला जणू ऐकूही येऊ लागले.

मात्र हा आवाज अतिशय क्षीण असतो. तो पकडण्यासाठी फार मोठे पात्र हवे. डिंभ्याच्या धरणाचे उदाहरण घ्या. एका ओढ्याच्या पाण्याने एवढा मोठा जलाशय भरत नाही. आसपासच्या अनेक डोंगरांवर पडलेला पाऊस लहानमोठ्या ओढ्यांतून धावत येतो, तेव्हा कोठे तो भरतो. रेडिओ दुर्बिणीची अँटेना असेच काम करते. तिचा आकार प्रचंड बशीसारखा असतो. बशीवर पडलेल्या लहरी परावर्तित होऊन वरच्या एका बिंदूपाशी गोळा होतात आणि तेथे ठेवलेला ग्राहक त्या टिपून घेतो. बशी जेवढी मोठी, तेवढा 'पाऊस' अधिक.

खोडदच्या दुर्बिणीत अशा ३० अँटेना आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. एका अँटेनेच्या तोंडाएवढी जमीन मोजली, तर ती जवळजवळ सोळा गुंठे भरेल आणि तिसांची मिळून सुमारे बारा एकर होईल! एवढी मोठी बशी अखंड पत्र्याची केली असती, तर ती फार जड आणि महाग झाली असती आणि वारा तिच्यात शिडासारखा भरला असता. म्हणून ती पोलादाच्या बारीक तारांच्या जाळीची केलेली आहे. जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरांची आहेत. वारा त्यांतून सहज निघून जातो. मग लहरी का निसटत नाहीत? चाळणीतून पीठ गळते, पण गव्हाचे दाणे अडकतात, हे तुम्ही घरी पाहिलेच असेल. या दुर्बिणीकडे येणाऱ्या लहरींची लांबी वीतभरापासून कित्येक मीटरांपर्यंत असते. त्यांच्या मानाने ही भोके इतकी लहान आहेत, की त्या लहरींना ती जाळी भिंतीसारखीच वाटते! कमी खर्चात मोठे काम साधणारी ही युक्ती आपल्याच देशातील शास्त्रज्ञ व अभियंते यांनी योजिली, ही अभिमानाची गोष्ट आहे.

या तीस अँटेना एकाच ठिकाणी नाहीत. १४ अँटेना खोडदजवळ साधारण एक किलोमीटरच्या चौरसात आहेत. उरलेल्या १६ तीन फाट्यांवर, दूरदूरच्या शेतशिवारांत उभ्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे. प्रत्येकीने टिपलेला संदेश काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंमधून खोडदच्या मुख्य इमारतीत येतो आणि तेथे संगणक ते सर्व संदेश एकत्र जुळवितात. आकाशातील वस्तूंचे बारकावे निरखण्याच्या कामी ही तीस अँटेनांची जोडणी २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीसारखी उपयोगी पडते. भजनात प्रत्येकाचा सूर वेगळा असला, तरी टाळाच्या ठेक्यावर सारे एक होतात. तसाच हा प्रकार आहे. एखादी अँटेना क्षणाचा अगदी लहानसा अंश जरी मागेपुढे झाली, तरी मेळ बिघडतो.

ही दुर्बीण उभारण्याचे श्रेय मुख्यतः प्रा. गोविंद स्वरूप यांच्याकडे जाते. त्यांचा जन्म १९२९ साली झाला. डॉ. होमी भाभा यांच्या बोलावण्यावरून ते परदेशातून मायदेशी परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागले. उटीच्या डोंगरउतारावर त्यांनी ५३० मीटर लांबीची एक रेडिओ दुर्बीण बांधली. ती १९७० साली तयार झाली. त्यानंतर त्यांनी याहून मोठ्या दुर्बिणीचे स्वप्न पाहिले. तिच्यासाठी शहरांच्या गलबल्यापासून दूर, फार जोराचे वारे नसलेली आणि तरीही पुण्यासारख्या विद्येच्या केंद्राजवळची जागा हवी होती. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर असलेला खोडदचा परिसर त्यांना पसंत पडला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तेथे 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप' उभी राहिली. पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र तिची व्यवस्था पाहते. प्रा. स्वरूप २०२० साली निवर्तले; परंतु जगातील अनेक देशांचे शास्त्रज्ञ आजही त्यांच्या या दुर्बिणीचा उपयोग करीत आहेत.

या दुर्बिणीने काय काय ऐकले, याची एक-दोन उदाहरणे पाहा. विश्वात सर्वांत विपुल असलेला वायू म्हणजे हायड्रोजन. त्याचे अणू २१ सेंटिमीटर लांबीची एक विशिष्ट लहर सोडतात. दूरच्या दीर्घिकेतून येता येता ती लहर ताणली जाऊन अधिक लांब होते. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेली अशी लहर खोडदच्या दुर्बिणीने टिपल्याचे २०२३ साली जाहीर झाले. ती निघाली तेव्हा आपला सूर्य नव्हता, पृथ्वी नव्हती, घोड नदीही नव्हती! एवढा प्रवास करून आलेल्या त्या पाहुणीची चाहूल आपल्या जुन्नर तालुक्यात लागली.

दुसरी हकीकत १९ ऑक्टोबर २०१६ ची आहे. 'शियापरेली' नावाचे युरोपीय यान त्या दिवशी मंगळावर उतरत होते. मंगळ त्या वेळी आपल्यापासून सतरा कोटी किलोमीटरांहूनही दूर होता. यानाचा संदेश खोडदला पोहोचण्यास जवळजवळ पावणेदहा मिनिटे लागत होती. यानावरील रेडिओ प्रेषक अगदी लहान होता. तरीही खोडदच्या अँटेनांनी त्याचा अस्फुट स्वर पकडला. सारे श्वास रोखून बसले होते. परंतु नियोजित वेळेच्या थोडे आधीच तो स्वर थांबला. यान मंगळाच्या भूमीवर आदळून नष्ट झाल्याचे पुढे छायाचित्रांवरून कळले. बातमी दुःखाची होती, परंतु त्या यानाने अखेरपर्यंत पाठविलेला संदेश वाया गेला नाही. तो ऐकणारे कोणी तरी जागे होते.

मुलांनो, असे ऐकण्यासाठी शांतता लागते. वर्गात गोंगाट चालू असता शेवटच्या बाकावरील मुलाचा हळू आवाज गुरुजींना ऐकू येईल का? आकाशाचा आवाज तर त्याहून कितीतरी पटींनी हळू असतो. एखादा साधा मोबाईल फोन चंद्रावर नेऊन चालू केला, तर त्याच्या लहरींपुढे आकाशातील बहुतेक तारे व दीर्घिका यांच्या लहरी फिक्या पडतील! मग तोच फोन दुर्बिणीच्या शेजारी चालू असला, तर काय होईल याची तुम्हीच कल्पना करा. म्हणूनच दुर्बीण पाहावयास येणाऱ्यांना आपले फोन बंद ठेवावे लागतात. गाड्यांच्या इंजिनांतील ठिणग्या, विजेच्या तारांवरील ठिणग्या, फोनचे मनोरे या सर्वांचा दुर्बिणीला उपद्रव होतो. पुणे-नाशिक या नव्या लोहमार्गाचा प्रश्न निघाला, तेव्हाही दुर्बिणीच्या शांततेचा विचार करावा लागला. गावाला वीज हवी, फोन हवा, रस्ता आणि आगगाडीही हवी. यात चूक असे काहीच नाही. परंतु या सोयी करताना आकाशाकडे लागलेला हा कान बधिर होणार नाही, हेही पाहिले पाहिजे. धरणाचे पाणी घाण होऊ नये म्हणून आपण जपतो. तसाच शांततेचा हा ठेवाही जपण्याजोगा आहे. ही दुर्बीण शास्त्रज्ञांनी उभारली, हे खरे. पण तिच्या भोवतीची शांतता राखण्याचे काम शेजारच्या गावांनाही करावे लागते. त्या अर्थी खोडद, नारायणगाव आणि आसपासच्या गावांतील मंडळी शास्त्रज्ञांचे सहकारीच आहेत.

आता याहूनही मोठी दुर्बीण दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया या देशांत उभी राहत आहे. तिच्या उभारणीत अनेक राष्ट्रे सहभागी असून त्यांत भारतही आहे. ती पूर्ण होऊन ऐन भरात काम करू लागेल, त्या वेळी आज सातवीत शिकणारी मुले मोठी झालेली असतील. त्यांतील एखादा मुलगा किंवा मुलगी तिच्यापुढे बसून आकाशाचा आवाज ऐकत नसेल कशावरून?

खोडदला जाण्याची संधी तुम्हांला मिळाली, तर रिकाम्या मनाने जाऊ नका. यात्रेला जाताना आपण पूजेचे साहित्य बरोबर नेतो. तसा येथे जाताना एक तरी प्रश्न बरोबर न्यावा. रात्री अंगणात उभे राहून आकाश पाहावे, जे समजले नाही ते वहीत लिहून ठेवावे आणि त्या दिवशी ते शास्त्रज्ञांना निःसंकोच विचारावे. उत्तर मिळाले, तर ज्ञान वाढेल. आणि कदाचित शास्त्रज्ञ हसून म्हणतील, "बाळ, हे आम्हांलाही अजून ठाऊक नाही." तसे झाले, तर मुळीच निराश होऊ नका. ज्याचे उत्तर अजून कोणालाच ठाऊक नाही असा प्रश्न तुमच्या हाती आला, असे समजा आणि तो जपून घरी आणा. विज्ञानाची वाट अशाच प्रश्नांपासून सुरू होते.