दप्तरांतील ‘देवी’ आणि विषाणूंचें स्वरूप

जुनीं दप्तरें चाळणाऱ्यास रोगांचीं नांवें पदोपदीं भेटतात. घरगुती पत्रांत मुलास ‘देवी आल्या’, ‘गोंवर निघाला’ असें लिहिलेलें असतें; गांवच्या कागदांत ‘जरीमरी’चा उपद्रव येतो; इ. स. १९१८ च्या सुमाराच्या कागदांत ‘मानमोडी’ येते. वाचणारा हे शब्द ओळखतो आणि पुढें जातो. परंतु हे सर्व रोग एका जातीचे नव्हेत. देवी, गोंवर व मानमोडी हे विषाणूंचे रोग होत; ज्या पटकीस लोक बहुधा जरीमरी म्हणत, ती विषाणूची नव्हे. हा भेद न कळल्यामुळें छापील ग्रंथांतही एका रोगाच्या जागीं दुसरा घातला जातो. तो कशांत आहे, हें संशोधकांस समजेल अशा रीतीनें सांगण्याचें येथें योजिलें आहे. आमचा अभ्यास संस्कृताचा, वैद्यकाचा नव्हे. तथापि पोथ्यांच्या नकला कशा होतात हें ज्यास ठाऊक आहे, त्यास विषाणु समजण्यासाठीं फार थोडें नवें शिकावें लागतें, अशी आमची खात्री झाली आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. लॅटिन भाषेंतील ‘व्हायरस’ आणि संस्कृत ‘विष’ हे एकाच प्राचीन मुळापासून निघालेले सजातीय शब्द होत. म्हणून ‘विषाणु’ हें नांव अन्वर्थक दिसतें. परंतु तें थोडें फसवेंही आहे. विष जितकें पोटांत जावें तितकेंच राहतें, विषाणु वाढतो. हा शोध माणसाच्या रोगावरून नव्हे, तर तंबाखूच्या पानांवरील रोगावरून लागला. इ. स. १८९२ मध्यें इव्हानोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञानें रोगट पानांचा रस, ज्यांतून जीवाणू पार होऊं शकत नाहींत अशा चिनी मातीच्या गाळणींतून गाळला; तरी त्या रसानें निरोगी पानांस रोग झालाच. इ. स. १८९८ मध्यें हॉलंडांतील बेयरिंक यानें दाखविलें कीं, हा पदार्थ एका रोपावरून दुसऱ्यावर नेला तरी त्याचा जोर कमी होत नाहीं, आणि तो केवळ जिवंत पेशींतच वाढतो. पुढें इ. स. १९३५ मध्यें स्टॅन्ले या अमेरिकन शास्त्रज्ञानें त्याच विषाणूचे, मिठाचे करावे तसे, स्फटिक केले. जें बाटलींत मिठासारखें पडून राहतें आणि पानांत जातांच वाढूं लागतें, त्यास सजीव म्हणावें कीं निर्जीव?

याचें उत्तर आम्हांस आमच्या जिल्ह्यांतील नेवाशाकडे पाहतां सुचलें. तेथें शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानदेवांनीं ज्ञानेश्वरी सांगितली व सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. पुढें सुमारें तीन शतकें ती हस्तलिखितांच्या रूपानें हातोहात गेली, पाठांत भेद शिरले, आणि शके १५०६ मध्यें एकनाथांनीं प्रती पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली. त्या पवित्र ग्रंथाची रोगाशीं तुलना करण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. तुलना आहे ती केवळ नक्कल होण्याच्या रीतीची. पोथी रुमालांत बांधून ठेविली असतां ती आपली नक्कल आपण करीत नाहीं. तिला लेखक लागतो, आणि कागद, शाई व बोरू हींही त्या लेखकाचींच असावीं लागतात.

विषाणूचेंही असेंच आहे. डीएनए किंवा आरएनए या द्रव्याच्या धाग्यावर चार अक्षरांच्या लिपींत लिहिलेला एक मजकूर, आणि त्याभोंवतीं प्रथिनांचें वेष्टन, एवढाच त्याचा संसार. कित्येकांस वरून स्निग्ध द्रव्याचें आणखी एक आवरण असतें. तो खात नाहीं, श्वास घेत नाहीं, वाढत नाहीं. करोनाचे विषाणू एका रांगेंत मांडिले तर एका मिलिमीटरांत सुमारें दहा हजार मावतील. म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकास ते दिसत नाहींत. आपल्या शरीरांतील प्रत्येक पेशी मात्र मोठा कारखाना आहे. तेथें पेशीच्या स्वतःच्या कागदांच्या नकला अहोरात्र चालू असतात. विषाणु आंत शिरून आपला मजकूर तेथील लेखकापुढें ठेवितो. हा कागद घरचा कीं परका, हें न पाहतां लेखक नकला करूं लागतो. नव्या नकला बाहेर पडून शेजारच्या पेशींत शिरतात, आणि मूळ पेशी पुष्कळदां नाश पावते. कांहीं त्रास या नाशामुळें होतो. ताप वगैरे कांहीं लक्षणें शरीराच्या प्रतिकारामुळें उत्पन्न होतात.

जीवाणु हा याहून निराळा. तो लहान असला तरी स्वतःची चूल असलेला गृहस्थ आहे; योग्य अन्न मिळालें तर काचेच्या बशींतही वाढतो. थोरल्या माधवराव पेशव्यांचा ज्या राजयक्ष्म्यानें इ. स. १७७२ मध्यें थेऊर येथें अंत झाला तो, इ. स. १८९६ मध्यें मुंबईंत उद्भवलेला प्लेग, आणि पटकी, हे तिन्ही जीवाणूंचे रोग होत. हिवताप या दोहोंहून वेगळ्या एकपेशीय जीवाचा. पेनिसिलिन जीवाणूच्या घराची भिंत बांधूं देत नाहीं, म्हणून जीवाणु मरतो. विषाणूस अशी भिंतही नाहीं आणि चूलही नाहीं. म्हणून सर्दीपडशावर किंवा गोंवरावर त्या जातीचीं औषधें चालत नाहींत.

प्रत्येक विषाणु प्रत्येक पेशींत शिरूं शकत नाहीं. कुलपास किल्ली लागावी तसें त्याचें वेष्टन ठराविक पेशींसच लागतें. इ. स. २०२० मध्यें आमच्या जिल्ह्यांतील अकोले व संगमनेर तालुक्यांत टोमॅटोच्या फळांवर निरनिराळ्या रंगांचे डाग पडूं लागले. शेतकऱ्यांनीं त्या रोगास ‘तिरंगा’ म्हटलें. बंगळूरच्या संशोधन संस्थेंत नमुने तपासले असतां त्यांत काकडीवरील मोझॅक रोगाचा विषाणु आढळला. करोनाच्या त्या दिवसांत असे टोमॅटो खाल्ल्यानें माणसास बाधा होईल, अशी धास्ती पसरली आणि शेतकऱ्यांचें दुहेरी नुकसान झालें. वनस्पतींच्या विषाणूची किल्ली माणसाच्या कुलपास लागत नाहीं, एवढें ठाऊक असतें तर ही धास्ती पसरती ना.

आतां लेखनप्रमादांकडे वळूं. करोनाच्या विषाणूचा मजकूर सुमारें तीस हजार अक्षरांचा, देवीच्या विषाणूचा सुमारें एक लक्ष शहाऐंशी हजारांचा. आरएनएच्या नकलेंत चुका अधिक होतात, डीएनएच्या नकलेंत कमी. बहुतेक चुकांनीं प्रत निरुपयोगी होते. क्वचित् एखाद्या चुकीनें ती अधिक पसरते. इन्फ्लुएंझाचा मजकूर तर आठ सुट्या पानांचा असतो. दोन जातींचे विषाणू एकाच पेशींत शिरले, तर दोन पोथ्यांचीं पानें मिसळावीं तशी एक नवीच पोथी तयार होते. या रोगाचें रूप वारंवार पालटतें तें यामुळें. इ. स. १९१८ ची मानमोडी ही याच कुळांतील. हिंदुस्थानांत तिनें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं.

परंतु चूक ही संशोधकाची मैत्रीणही आहे. दोन प्रतींत एकच चूक असली तर त्यांचें मूळ एक, हा न्याय भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठीं वापरला गेला. तें काम इ. स. १९१९ मध्यें सुरू होऊन १९६६ मध्यें पुरें झालें. करोनाच्या सांथींत विषाणूची वंशावळ लाविली गेली ती याच न्यायानें.

आतां देवीकडे येऊं. सुश्रुतानें क्षुद्ररोगांत ‘मसूरिका’ सांगितली. माधवनिदानांत तिला स्वतंत्र प्रकरण मिळालें. भावप्रकाशांत ‘शीतला’ हें नांव आलें. हा विषाणु केवळ मनुष्याच्याच शरीरांत नकला करवून घेई, आणि त्यांतून वांचलेल्यास तो सहसा पुनः बाधत नसे. यांतच त्याच्या नाशाचें बीज होतें. इ. स. १७९६ मध्यें जेन्नरनें दाखविलें कीं, गाईच्या सौम्य फोडांतील लस टोचली असतां देवीपासून रक्षण होतें. शरीर त्या सौम्य मजकुराची ओळख धरितें, आणि पुढें त्याच धाटणीचा घातक मजकूर आला तर त्यास अडवितें. ही लस बगदाद व बसरा या मार्गानें मुंबईस आली, आणि १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीवर हिंदुस्थानांत ती प्रथम यशस्वी झाली. त्या काळीं ती टिकविण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे एका दंडावरून दुसऱ्या दंडावर नेणें; तीही नकलेवरच जगत होती.

यांतून दप्तरें वाचणारास एक सूत्र मिळतें. ‘देवी आल्या’ म्हणजे रोग. ‘देवी काढल्या’ म्हणजे टोचणी. लस येण्यापूर्वींही बंगालसारख्या प्रांतांत खऱ्या देवीचाच पू घेऊन टीका देण्याची रीत होती, हॉल्वेलनें इ. स. १७६७ मध्यें तिचें वर्णन केलें आहे. म्हणून इ. स. १८०२ पूर्वींच्या कागदांत टोचणीचा उल्लेख आढळल्यास ती टीका समजावी. नंतरच्या कागदांत दोहोंपैकीं कोणती, हें संदर्भावरून ठरवावें. क्रियापदाकडे दुर्लक्ष केलें तर निरोगी मूल रोगी ठरतें, आणि टोचणीच्या इतिहासाचा एक पुरावा हातचा जातो.

देवीच्या विषाणूस शेवटीं लेखक मिळेनासा झाला. हिंदुस्थानांत शेवटचे रोगी इ. स. १९७५ मध्यें आढळले. मे १९८० मध्यें जग देवीमुक्त झाल्याचें जाहीर झालें. गुरांची बुळकांडी हाही विषाणूचाच रोग, तो संपल्याचें इ. स. २०११ मध्यें जाहीर झालें. इ. स. २०२१ मध्यें आमच्या जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें घरोघरीं तपासणी व रोग्यांचें विलगीकरण करून करोना हटविला, त्याचें मर्महि हेंच: पोथी नव्या लेखकाच्या हातीं पडूं दिली नाहीं.

संग्राहकांस एक सूचना करणें अवश्य आहे. पाकिटांत ठेविलेल्या देवीच्या खपल्यांत तेरा वर्षांनंतरही विषाणु जिवंत आढळला आहे. इ. स. २००३ मध्यें अमेरिकेंत सांता फे येथील एका ग्रंथालयांतील जुन्या वैद्यकग्रंथांत टोचणीच्या खपल्यांचें पाकीट निघालें व तें तज्ज्ञांच्या स्वाधीन करण्यांत आलें. सामान्य कागदांची भीति धरण्याचें कारण नाहीं. परंतु एखाद्या रुमालांत खपल्यांची पुडी सांपडल्यास ती न उघडतां जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांस कळवावें.

असो. आमची विनंती एवढीच कीं, ज्यांच्या संग्रहीं या जिल्ह्यांतील कागद असतील त्यांनीं देवी, गोंवर, जरीमरी यांचे उल्लेख तिथीसह, मुळांत असतील त्याच शब्दांत व त्याच क्रियापदासह प्रसिद्ध करावे. त्यांच्या जागीं आजचें नांव घालूं नये. रोग कोणता होता, हें मूळचें अक्षर हातीं राहिलें तर उद्यांही ठरवितां येईल. तें एकदां पुसलें कीं ठरविण्याचें साधनच नाहींसें होतें.