सभासदाचे निधन : मातीपूर्वी आणि मातीनंतर



लागण, बेणेप्रक्रिया, खतांच्या मात्रा यांवर आम्ही या पानात नेहमी लिहितो. आजचा विषय जड आहे. पण गट फिरताना मातीला जाणे वारंवार घडते, आणि पुढे त्या घरची जी धावपळ होते ती पाहून लिहिल्यावाचून राहवले नाही.

आमच्या गटातील एक सभासद रात्रीच्या लाईटीला उसाला पाणी पाजायला गेले. ओल्या हाताने पेटीला हात लागला, जागेवर जीव गेला. "आता चिरफाड कशाला?" असे चार जाणते बोलले आणि दिवस वर यायच्या आत माती उरकली. आम्हीही तिथे उभे होतो. नियम ठाऊक असून त्या घडीला तोंड उघडले नाही. शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूस २ लाख रुपये मिळतात. पंचनामा नाही, शवविच्छेदनाचा अहवाल नाही. त्या माउलीचा अर्ज उभाच राहिला नाही. दोष आमच्याही पदरी आहे.

म्हणून क्रमाने सांगतो.

मातीपूर्वी : विजेचा धक्का, सर्पदंश, विहिरीत बुडणे, अंगावर वीज पडणे, वाहन अपघात यांपैकी काही असेल तर आधी पोलीस पाटलांना सांगा, पोलीस ठाण्यात वर्दी द्या. पंचनामा व शवविच्छेदन होऊ द्या. माती चार तास उशिरा झाली म्हणून माणसाची विटंबना होत नाही. योजनेचा प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. नैसर्गिक मृत्यूस ही योजना लागू नाही.

२१ दिवसांत : ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करा. मुदत टळली तर विलंब शुल्क, महिना उलटला तर स्वसाक्षांकित कागदपत्र व वरिष्ठांची परवानगी, वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश, अशी पायरी चढत जाते. नाव सातबाऱ्याप्रमाणे लावा. गावात म्हणतात आप्पा, सातबाऱ्यावर वेगळेच, दाखल्यावर तिसरेच. मग प्रत्येक कचेरीत अडकायला होते.

३ महिन्यांत : तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे ही मुदत आहे. वारसांत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास मयताची आई, सर्वांची नावे येतात. "पोरी दिल्या घरी गेल्या" म्हणून नाव गाळू नका. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीतही मुलीचा हक्क मुलाबरोबरीचा आहे.

शेअर व ऊस : सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३० प्रमाणे मयत सभासदाचा शेअर नामनिर्देशित व्यक्तीकडे वर्ग होतो. नामनिर्देशन नसेल तर वारस कोण हे संचालक मंडळाला ठरवावे लागते. मग संमतीपत्रे आली, भावाभावांतले रुसवे आले. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, वारसांचा हक्क शाबूत राहतो; पण काम अडत नाही. ऊसनोंद मयताच्या नावे असेल तर गट कार्यालयास ताबडतोब कळवा, नाहीतर बिल मयताच्या खात्यावर जमा होऊन तिथेच अडकते.

तोडणीच्या ऐन वेळी दुःख कोसळले तर चीटबॉयला निरोप द्या. टोळी पुढच्या फडात नेता येते. उभा ऊस चार दिवसांनी बिघडत नाही. तुटलेला ऊस मात्र फडात ठेवू नका. दर दिवसाला वजन आणि साखर दोन्ही घटतात. भावकीने तेवढी गाडी भरून द्यावी.

आणखी एक. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात शासनानेही इतर गावांना तसे आवाहन केले. आम्हाला यात व्यवहारही दिसतो. ज्या बाईला तेराव्यानंतर तलाठी, बँक, कारखाना अशा पायऱ्या चढायच्या आहेत, तिला दहाव्यालाच खाली मान घालायला लावून कसे चालेल? उद्याची सभासद तीच आहे.

नामनिर्देशनाचा अर्ज गट कार्यालयात मिळतो. "अजून मला काय झालंय?" असे म्हणू नका. बेणे लावताना आपण तोडणीचा विचार करतोच की. अर्ज भरा, पोहोच घ्या, आणि शेअर दाखला कुठे ठेवला आहे ते घरच्या बाईमाणसाला दाखवून ठेवा.

आम्हीही यापुढे मातीला गेलो तर गप्प राहणार नाही. त्या वेळी राग मानू नये, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी