मशीन स्वतःला जपते, वेल्डरला नाही

ऊस गाळपाचा हंगाम जवळ आला की कराडहून पलूस, तासगावकडे जाणाऱ्या रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांसमोर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग लागते. कुणाचा हूक झिजलेला असतो, कुणाच्या चॅसीला तडा गेलेला. पूर्वी ट्रॉलीच दुकानापर्यंत ओढत न्यावी लागे, कारण वेल्डिंगचे मशीन हलवायला दोन-तीन माणसे लागत. आता वेल्डर मोटारसायकलवरून थेट शेतात येतो. पाच-सहा किलोचे इन्व्हर्टर मशीन पट्ट्याने खांद्याला अडकवलेले असते.

या भागाला लोखंडकाम नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला आणि लोखंडी नांगर घडवले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखानाही शंभर वर्षांपूर्वीचा. आज सातारा, कुपवाड, मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत आणि गावोगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये हजारो हात वेल्डिंगवर पोट भरतात. त्यांच्या हातातले मशीन बदलले, तसे धोकेही बदलले आहेत.

जुने मशीन म्हणजे तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या तारा गुंडाळलेला लोखंडी पट्ट्यांचा मोठा ट्रान्सफॉर्मर. घरच्या विजेची दिशा सेकंदाला ५० आवर्तनांनी पालटते. प्रत्येक आवर्तनात बरीच ऊर्जा पलीकडे न्यायची, म्हणून गाभा मोठा लागतो. विहिरीवरून टाकी भरायची असेल तर मोठ्या घागरीने थोड्या खेपा घालता येतात, किंवा तांब्याने अगणित. इन्व्हर्टरने तांब्या निवडला. आत येणारी २३० व्होल्टची वीज आधी डायोडमधून एकाच दिशेची केली जाते आणि कपॅसिटरमध्ये साठते. तेथे तिचा दाब सुमारे ३२५ व्होल्ट होतो. मग आयजीबीटी किंवा मॉस्फेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच ती सेकंदाला हजारो वेळा तोडतात आणि जोडतात. खेपा इतक्या वाढल्या की मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो.

खरी करामत मात्र त्या स्विचना हुकूम देणाऱ्या छोट्या बोर्डाची आहे. दहा नंबरच्या रॉडसाठी वेल्डरने बटण ११० अँपिअरवर ठेवले, असे समजा. बाहेर जाणारा प्रवाह मोजणारा एक संवेदक असतो. बोर्ड ते माप बटणावरच्या आकड्याशी सतत ताडून पाहतो. प्रवाह कमी पडला तर स्विच क्षणभर जास्त वेळ चालू राहतात, वाढला तर कमी वेळ. आपण उकिडवे बसून एकदम उठतो तेव्हा मानेतल्या धमनीतील संवेदकांना रक्तदाब उतरल्याचे कळते, मेंदू हृदयाचे ठोके वाढवतो आणि भोवळ टळते. तोच हा प्रकार. शरीराला त्यासाठी काही सेकंद लागतात, बोर्ड हे सेकंदाला हजारो वेळा करतो.

म्हणून नवशिक्याचा हात थरथरला, रॉड आणि लोखंड यांतले अंतर कमी-जास्त झाले, तरी आर्क सहसा विझत नाही. रॉड टेकवताना बोर्ड क्षणभर जादा प्रवाह देतो, म्हणजे ठिणगी लगेच धरते. रॉड चिकटलाच तर प्रवाह झपकन खाली आणतो, रॉड लाल होत नाही आणि हिसका देऊन सोडवता येतो. जुन्या मशीनवर ज्यांनी चिकटलेला रॉड सोडवताना घाम गाळला आहे, त्यांना याची किंमत सांगायला नको.

बोर्ड मशीनचीही काळजी घेतो. स्विचच्या थंडाव्याच्या पट्ट्यांवर तापमान मोजणारा संवेदक असतो. ते फार चढले की पिवळा दिवा लागतो आणि प्रवाह बंद होतो, पण पंखा चालूच राहतो. ‘६० टक्के’ असे मशीनवर छापलेले असते, त्याचा अर्थ ४० अंश तापमानात दहा मिनिटांतली सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. एप्रिलमधल्या सांगलीत हे नीट वाचलेले बरे. दिवा लागल्यावर घाईने प्लग काढणे चूकच, कारण पंखाही थांबतो. ग्राइंडरशेजारी मशीन ठेवणेही तसेच. पंखा लोखंडाची भुकटी आत ओढतो आणि एक दिवस बोर्ड जळतो.

एवढी पहारेदारी पाहून मशीन सुरक्षित आहे असे वाटते. पण हा पहारा प्रवाहावर आणि मशीनच्या तब्येतीवर आहे. माणूस या फेऱ्याच्या बाहेर उभा असतो.

आर्क पेटलेला असताना होल्डरवर वीस-तीस व्होल्ट असतात. काम थांबले की तेच बहुधा ६० ते ८० व्होल्टवर जातात. धोका नेमका या रिकाम्या वेळेत, रॉड बदलताना असतो. कोरडी कातडी विजेला हजारो ओहमचा अडथळा करते. घामाने किंवा पावसाने भिजली की तो हजार ओहमच्या आसपास येतो आणि ८० व्होल्टला ८० मिलीअँपिअर शरीरातून जाऊ शकतात. इन्व्हर्टरची वीज एका दिशेची असते आणि हृदयाला ती जुन्या मशीनच्या उलटसुलट विजेपेक्षा कमी घातक, हा फायदा खरा. तरी ओल्या रानात, लोखंडी सांगाड्याला टेकून बसलेल्या माणसाने त्यावर विसंबू नये. मीटरजवळचा शॉकपासून वाचवणारा ट्रिप स्विचही येथे कामाचा नाही, कारण ट्रान्सफॉर्मरमुळे होल्डरकडची बाजू घरच्या विजेपासून वेगळी झालेली असते. तिकडची गळती त्याला दिसत नाही.

काही मशीनमध्ये यावर उपाय असतो. त्याला व्हीआरडी म्हणतात. तो होल्डर आणि जॉब यांच्यातला अडथळा मोजत राहतो. रॉड लोखंडाला टेकला तरच पूर्ण व्होल्टेज देतो, एरवी ते बरेच खाली ठेवतो. माणूस मध्ये आला तर अडथळा जास्त दिसतो आणि व्होल्टेज वाढतच नाही. काही मशीनवर तो बंद करण्याचे बटण असते आणि ठिणगी लवकर धरावी म्हणून ते बंद ठेवले जाते. मशीन घेताना अँपिअर सगळेच विचारतात, व्हीआरडी क्वचितच कुणी विचारतो.

दुसरा धोका दुरुस्ती करणाऱ्या मुलांना. प्लग काढला म्हणजे मशीन मेले असे नाही. आतले कपॅसिटर भरलेले राहतात. ते रिकामे करणारा रेझिस्टर जळलेला असेल तर बराच वेळ. कपॅसिटर मिळून १५०० मायक्रोफॅरडचे असतील तर ३२५ व्होल्टला त्यांत सुमारे ७९ ज्यूल ऊर्जा असते. बंद पडणाऱ्या हृदयाला झटका देताना डॉक्टर साधारण १५० ते २०० ज्यूल वापरतात. झाकण उघडल्यावर आधी मल्टिमीटर लावावा, व्होल्ट दिसले तर बल्ब जोडून ते उतरवावेत आणि पुन्हा मोजावे. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढण्याची पद्धत हात आणि डोळे दोन्हींवर बेतू शकते.

डोळ्यांचे दुखणे तर कुठलाच बोर्ड थांबवू शकत नाही. आर्कमधले अतिनील किरण बुबुळावरचा पातळ थर भाजतात, पण त्या वेळी काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग सुरू होते. घरोघरी मग दूध, बटाट्याची चकती, किंवा मेडिकलमधून आणलेले बधिर करणारे थेंब. थेंबांनी आराम लगेच पडतो, म्हणूनच ते पुन्हा पुन्हा घातले जातात. जखम भरणे त्याने लांबते आणि बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. थंड पाण्याची पट्टी, अंधारी खोली आणि वेदनाशामक गोळी यांवर साध्या भाजण्यात एक-दोन दिवसांत डोळा बरा होतो. त्यानंतरही दुखत राहिले, धूसर दिसू लागले किंवा कण गेल्याची शंका असली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.