मर्यादा पाळणारं गाव गरीब राहतं का?

निसर्गाच्या मर्यादेत राहायचं म्हणजे पोटाला चिमटा घ्यायचा, असं आपल्याकडे पुष्कळ जण धरून चालतात. भरभराट हवी तर पाणी उपसलंच पाहिजे, आणि पाणी राखायचं तर हातात पैसा खेळणार नाही. हे समीकरण चुकीचं आहे. त्याचा पुरावा महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातच आहे, पण त्या पुराव्याभोवतीही गैरसमजांचं रान माजलं आहे.

"हिवरे बाजारला निसर्गाने साथ दिली"

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव पर्जन्यछायेत येतं. वर्षाचा पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे शेजारच्या गावांइतकाच. १९७२च्या दुष्काळानंतर इथले लोक मजुरीसाठी गाव सोडत होते. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, नव्वदच्या दशकात डोंगरउतारावर समतल चर खणले गेले, बांध घातले गेले, झाडं लावली गेली. एवढं काम इतर अनेक गावांनीही केलं आहे. हिवरे बाजार वेगळं ठरलं ते अडवलेलं पाणी वापरण्याच्या नियमांमुळे. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही. ऊस आणि केळी लावायची नाही. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची.

शिवाय पाण्याचा ताळेबंद. गावात पर्जन्यमापक आहेत, निरीक्षणासाठी ठरवलेल्या विहिरी आहेत. पावसाळा सरला की किती पाणी पडलं, किती मुरलं, हाताशी किती आहे याचा हिशेब ग्रामसभेपुढे येतो. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढतात, आणि उरलेल्यावर रब्बीत काय व किती पेरायचं ते ठरतं. पाऊस कमी झाला तर पेरा कमी.

आता या बंधनांनी गाव गरीब झालं का? १९९५ साली १८२ कुटुंबांपैकी १६८ दारिद्र्यरेषेखाली होती. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत ती संख्या तीनवर आली. दिवसाला दीडशे लिटरच्या घरात असलेलं दूध चार हजार लिटरवर गेलं, कारण चराईबंदीमुळे डोंगरावर गवत वाढलं आणि ते कापून गोठ्यात आणता आलं. गाव सोडून गेलेली कुटुंबं परतली. मर्यादा पाळूनही हे घडलं, असं कौतुकाने म्हटलं जातं. माझ्या मते मर्यादा पाळली म्हणूनच ते घडलं.

"पाणी अडवलं की प्रश्न मिटला"

महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भूभाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. या खडकात पाणी राहतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत, तेही मोजकंच. चर खणून, बंधारे बांधून मुरणारं पाणी वाढतं हे खरं. पण विहिरीची पातळी चढलेली दिसताच जो तो नवी बोअर घेऊ लागला, तर दोन-तीन वर्षांत गाव पुन्हा टँकरवर येतं. राज्याच्या भूजल कायद्यात शेती आणि उद्योगांसाठी साठ मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यावर बंदी आहे. शिवारात त्याची अंमलबजावणी किती होते, हे प्रत्येकाने आपल्या आसपास पाहावं.

शेततळ्यांचंही तसंच. शेततळं म्हणजे पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवण्याची सोय, असा समज आहे आणि मूळ हेतूही तोच. पण द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात प्लास्टिक अंथरलेली अनेक मोठी तळी विहिरी-बोअरचं पाणी उपसून भरली जातात. जमिनीखाली, सगळ्यांच्या वाट्याचं म्हणून असलेलं पाणी एकाच्या बांधावर येतं आणि उन्हाळाभर त्याची वाफ होत राहते. ज्याची मोटर मोठी त्याची बाग वाचते आणि शेजाऱ्याची विहीर आटते. हे जलसंधारण नव्हे.

"धरणं आणि ठिबक असताना मर्यादा कसली?"

देशातल्या मोठ्या धरणांपैकी एक तृतीयांशाहून अधिक महाराष्ट्रात आहेत. तरीही एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. ठिबकने एकरी पाणी वाचतं, यात शंका नाही. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस वाढवला, तर भूजलाच्या खात्यात काहीच जमा होत नाही. हिशेब एकरी न मांडता शिवाराचा मांडायला हवा.

उसाचा साधा हिशेब करून पाहू. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. उसाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. चारशे मिलिमीटर पावसाच्या गावात एक हेक्टर ऊस जगवायला पाच हेक्टरांवरचा सगळा पाऊस लागेल, तोही थेंब न सांडता. मग उरलेल्या चार हेक्टरांच्या मालकांनी काय पेरायचं?

पण म्हणून ऊस लावणारा शेतकरी हावरट ठरत नाही. उसाला एफआरपीचं, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराचं, कायदेशीर संरक्षण आहे आणि ठरलेला खरेदीदार आहे. ज्वारी, तूर, हरभऱ्याचा हमीभाव जाहीर होतो, पण प्रत्यक्ष खरेदीची खात्री नसते. कमी पाण्याच्या पिकाला तेवढीच हमी मिळत नाही, तोवर शेतकऱ्याला उपदेश करण्याचा अधिकार सरकारला नाही आणि शहरातल्या माणसालाही नाही.

"मर्यादा घातली की गरीबच भरडला जातो"

ही भीती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती अनेकदा खरी ठरली आहे. मर्यादा वरून लादली आणि वाटप जुनंच ठेवलं, तर भूमिहीनाच्या पदरी फक्त बंदी पडते. याला उत्तर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात दिलं. पुण्यातले हे अभियंता-उद्योजक १९७२चा दुष्काळ पाहून नायगावला गेले. त्यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडवला आणि माणसाशी बांधला. घरात जितकी माणसं, तितक्या अर्ध्या एकरांना पुरेल एवढं पाणी, आणि एका कुटुंबाला अडीच एकरांची कमाल मर्यादा. ज्याच्याकडे पन्नास एकर जमीन आहे त्यालाही याहून जास्त नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा मिळाला. ऊस नाही, आणि योजनेच्या खर्चाचा काही भार लाभधारकांनी उचलायचा.

मर्यादा इथे वाटपाचं साधन झाली. पाणी मोजकं आहे हे एकदा मान्य केलं की ते कोणाला किती, हा प्रश्न टाळता येत नाही. उलट ते अमर्याद आहे असं मानलं की खोल बोअर परवडणारा आधी पोहोचतो.

ताळेबंद मांडायला आता हिवरे बाजारच असावं लागत नाही. अटल भूजल योजनेत २०२०पासून महाराष्ट्रातल्या अनेक गावांत तो मांडला गेला, आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी नोंदवते. पावसाळा संपल्यावर आपल्या ग्रामसभेत हा हिशेब मागा. तो भिंतीवर रंगवून ठेवण्यापुरता न राहता रब्बीचा पेरा त्यावरूनच ठरावा, असा आग्रह धरा. आणि त्या बैठकीला ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांनाही बोलवा.