आधी हप्ता उचला, मग डंबेल!

"प्लेसमेंट नाही झालं तर गावी जाऊन जिम टाकू!" होस्टेलवर हे वाक्य प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेलं असतं. माझ्या मामेभावाने मात्र ते खरंच मनावर घेतलं आणि मामी राहतं घर तारण ठेवायला निघाली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, 'तारण' म्हणजे काय हेही मला मामीनेच सांगितलं. पण प्रश्न घराचा होता, म्हणून मी सगळी माहिती काढली. मित्रांनो, तीच इथे देत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मुद्रा कर्जाला घर तारण लागत नाही. प्रधानमंत्री मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ ला सुरू झाली. सलून, ब्युटी पार्लर यांच्यासारखी जिमसुद्धा तिच्यात बसते. ५० हजारांपर्यंत 'शिशु', ५ लाखांपर्यंत 'किशोर' आणि १० लाखांपर्यंत 'तरुण'. २०२४ मध्ये २० लाखांपर्यंतचा 'तरुण प्लस' आला, पण तो आधीचं 'तरुण' कर्ज नीट फेडलेल्यांनाच. पैसे देते बँक, 'मुद्रा' स्वतः कोणाला थेट कर्ज देत नाही. कर्जातून घेतलेली मशीन्स मात्र बँकेकडे नजरगहाण राहतात. म्हणजे ट्रेडमिल आपल्या जिममध्ये, पण परस्पर विकता येणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'सरकारची गॅरंटी' ऐकून आपल्याला वाटतं, बुडालं तर सरकार भरेल. तसं नाही हो! ती गॅरंटी बँकेसाठी असते. बँकेला त्यातून काही रक्कम मिळाली तरी आपल्याकडची वसुली थांबत नाही आणि सिबिल स्कोअर खराब होतो तो आपलाच.

म्हणून थोडं गणित करू (एम-थ्रीपेक्षा सोपं आहे!). समजा ८ लाख कर्ज, ११ टक्के व्याज, ५ वर्षं मुदत. हप्ता साधारण १७,४०० रुपये. त्यात भाडं १५,०००, ट्रेनर १२,०००, लाइटबिल ५,००० धरा. झाले ४९,४००. महिन्याची फी ७०० असेल तर ७१ मेंबर आल्यावर कुठे खर्च निघतो, मालकाच्या हातात शून्य! जानेवारीत संकल्प करणारे पावसाळ्यात गायब होतात हे आपल्याच जिममध्ये बघा. दादाला हे पटलं. त्याने यादी कापून कर्ज ५ लाखांवर आणलं. त्याच व्याजाने हप्ता जवळपास १०,९०० वर आला.

कागदपत्रं अशी: आधार, पॅन, उद्यम नोंदणी (ऑनलाइन, फुकट), भाडेकरार, मशीन्सची कोटेशन्स, बँक स्टेटमेंट आणि प्रोजेक्ट रिपोर्ट. अर्ज बँकेच्या शाखेत किंवा जनसमर्थ पोर्टलवर करता येतो. पहिले काही महिने हप्ता नको असेल तर तशी सवलत अर्ज करतानाच मागावी. व्याज मात्र तेव्हाही चढतंच.

आणि हो, दादाला एकाने "पंधरा हजार द्या, सँक्शन करून देतो" असं सांगितलं होतं. मुद्राने कोणीही एजंट नेमलेला नाही. असा माणूस भेटला तर त्याला लांबूनच नमस्कार करा.

प्रोजेक्ट रिपोर्ट मात्र स्वतः लिहा. सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राची फाइल कॉपी करायची सवय इथे चालणार नाही, कारण बँकेच्या साहेबांची व्हायवा खरी असते!